कोपऱ्याला माप नाही

लिहून ठेवणार: मेंग सुन-ओक, वय वर्षे शहात्तर, सेवानिवृत्त प्राध्यापिका, जुना करार आणि इब्री भाषा, ब्योलगोक धर्मविद्यालय, राहणार त्याच विद्यालयाच्या टेकडीच्या पायथ्याशी, फाटकाला लागून, सुन्चॉन. कारणे मृत्युपत्र लिहून ठेवते ते असे की, माझी बुद्धी शाबूत आहे. ती शाबूत नसावी अशी काही जणांची इच्छा आहे, पण त्याला माझा इलाज नाही. आज सकाळी मी दोन वाट्या भात आणि मुळ्याचे किमची खाल्ले, इब्री क्रियापदांची सगळी रूपे शेवटापासून सुरुवातीपर्यंत म्हणून पाहिली आणि कोंबड्याला शिव्या दिल्या. तिन्ही कामे बिनचूक झाली. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला आलेल्या माणसाला मी चुसॉकच्या सुगीच्या सणालाच त्याच्या डबाबंद हॅमच्या पेटीसकट परत पाठवले आहे. त्याचे नाव पुढे येईल. उलट आज माझे मन इतके हलके आहे की अंगणात पर्सिमनच्या फळझाडाखाली बसून लिहिताना मी मधूनच गुणगुणते आहे, आणि साक्षीदार मला गप्प बसवत आहेत.

कलम पहिले: अक्षराबद्दल. असे मृत्युपत्र सगळे स्वतःच्या हाताने लिहावे लागते, टंकलिखित चालत नाही, हे ऐकून मला आनंद झाला. माझे अक्षर मोक्पोच्या कॉन्व्हेंटमध्ये घडलेले आहे. माझे वडील कट्टर प्रेस्बिटेरियन. कॅथलिकांचे त्यांना काहीही पटत नसे, फक्त त्यांची मुलींची शाळा पटे, कारण हिवाळ्यात वर्गात शेगडी असलेली आमच्याकडची ती एकच शाळा होती. "शेगडीजवळ बस, मूर्तीजवळ बसू नको," एवढे सांगून त्यांनी मला तिथे सोडले. सिस्टर मार्त नावाच्या फ्रेंच बाई आम्हाला अक्षर शिकवत. शाईचा डाग पडला की बोटांवर पट्टी. मी एकदा विचारले, "सिस्टर, डाग माझ्या वहीवर पडला, त्यात तुमचं काय गेलं?" पट्ट्या दुप्पट मिळाल्या, पण दुसऱ्या दिवसापासून त्या मला लॅटिन शिकवू लागल्या. उलट बोलणाऱ्या मुलीला काहीतरी कठीण काम द्यावे, असे त्यांचे मत होते. पुढे मीही शिक्षिका म्हणून तेच मत चालवले. ती पट्टी माझ्या टेबलाच्या खणात आहे. ती बांग हे-जू हिला द्यावी.

कलम दुसरे: बांग हे-जू कोण. हे-जू माझी विद्यार्थिनी. मी तपासलेल्या सगळ्या प्रबंधांत एकच असा होता की जो वाचताना मला लाल पेन शोधावे लागले नाही, तो हिचा. ती डॉक्टर आहे, चर्चची दीक्षित पाळक आहे, आणि अकरा वर्षे ब्योलगोकमध्ये तासिकेवर शिकवते आहे. तासिकेवर म्हणजे तिला कपाट नाही, पाटी नाही, आणि सुट्टीत पगार नाही. कायमची जागा दोनदा निघाली. दोन्ही वेळा ती पुरुषांना मिळाली. त्यातला एक अजून हिच्याच टिपणांवर शिकवतो. ती माझ्या मागच्या खोलीत राहते. दर बुधवारी माझ्या, खालून तापवलेल्या ऊन जमिनीच्या मोठ्या खोलीत ती पाळकांच्या बायका, विधवा आणि निवृत्त शिक्षिका यांना जुना करार मूळ भाषेत वाचायला शिकवते. विद्यालयाने बायकांचा संध्याकाळचा वर्ग "जागेअभावी" बंद केला, तेव्हापासून हे चालू आहे. खोलीत चपला ठेवायला जागा उरत नाही, पण वर्ग बंद पडलेला नाही.

तेव्हा घर, मागची खोली, ऊन जमीन, सगळी पुस्तके आणि भिंतीवरचा फळा हे-जूला. पुस्तकांच्या समासात मी इतर विद्वानांबद्दल जे लिहून ठेवले आहे, ते खोडू नये. ते जिवंत असले तर त्यांना दाखवावे.

माझा लाकडी पाटही तिलाच. त्याची हकीकत अशी. विद्यालयाच्या सभागृहात दोन व्यासपीठे आहेत. वरचे उंच, तिथून उपदेश होतो. खालचे बुटके, तिथून सूचना दिल्या जातात, देणगीदारांची नावे वाचली जातात, आणि बायका बोलतात. मी चौतीस वर्षे खालून बोलले. माझी उंची अशी की खालच्या व्यासपीठामागूनही माझा फक्त अंबाडा दिसे, म्हणून मी हा पाट बगलेत मारून नेत असे. हा नियम कुठे लिहिला आहे, असे मी प्रत्येक प्राचार्याला विचारले. प्रत्येकाने सांगितले, "बाई, ती परंपरा आहे." परंपरा म्हणजे संदर्भ सापडत नाही अशी तळटीप. मी ज्यांना मोशेचे नियमशास्त्र शिकवले ते वर चढून उपदेश करत, आणि मी खालून सांगे की छत्र्या बाहेर ठेवाव्यात.

कलम तिसरे: कोंबडा. माझा कोंबडा पहाटेच्या प्रार्थनेच्या घंटेआधी अर्धा तास आरवतो आणि सबंध टेकडी उठवतो. तो मी प्राध्यापक सोक दे-ह्यॉन यांना देणार होते. सोक नवा करार शिकवत. आमच्या खोल्यांमध्ये एकच पातळ भिंत होती आणि आम्ही तीस वर्षे भिंतीतून भांडलो. त्यांचे म्हणणे, जुन्या करारातली प्रत्येक ओळ नव्या कराराकडे बोट दाखवते. माझे म्हणणे, आधी त्या ओळीला तिचे बोलणे पुरे करू द्या. पवित्र शास्त्रातले कोंबड्याचे एकमेव गाजलेले प्रकरण, शिष्याने येशूला तीनदा नाकारल्यावर तो आरवतो ते, नव्या करारात येते, म्हणून कोंबडा न्यायाने त्यांचाच. हे कळताच ते आज सकाळी आठ वाजता हजर झाले.

"मेंगबाई, मी साक्षीदार होतो."

"का हो? एवढा उत्साह?"

"साक्षीदाराला काही मिळत नाही ना?"

"नाही मिळत."

"मग आणा पेन."

साक्षीदार लाभार्थी असू नये, हे बरोबर आहे. कोंबडा हे-जूला. सोक यांना माझ्याकडून काहीही मिळणार नाही, आणि ते माझ्या शेजारी बसून कॉफी पीत प्रत्येक ओळ वाचत आहेत. आत्ता म्हणाले, "'पातळ भिंत' कशाला? 'भिंत' पुरे." 'पातळ' राहील.

कलम चौथे: आमेनबद्दल. हे कलम नीट वाचावे, कारण सगळे त्याच्यावर उभे आहे.

विद्यालयाचे सध्याचे प्राचार्य प्यो ग्वांग-जिन हेही माझेच विद्यार्थी. त्यांना शताब्दीचे सभागृह बांधायचे आहे आणि त्यासाठी बसगाड्यांना तळ हवा आहे. टेकडीवर सपाट जागा नाही. सपाट जागा टेकडीखाली आहे, आणि ती माझी आहे. वडिलांनी भाताचे खाचर विकून मला घेऊन दिली, "लग्न करणार नसशील तर निदान जमीन तरी कर," म्हणून. प्यो यांनी मला खूपदा विचारले. मी तितक्याच वेळा नाही म्हणाले.

गेल्या मे महिन्यात वर्धापनदिनाची उपासना होती. मी पहिल्या रांगेत होते, निवृत्तांच्या. प्यो वरच्या व्यासपीठावरून उपदेश करत होते. वचन निवडले होते कापणीच्या नियमाचे: शेत कापताना कोपऱ्यांपर्यंत कापू नये, कोपऱ्यांतले उभे पीक गरिबांना आणि परक्यांना सोडावे. विषय उदारतेचा. आता, आमच्या चर्चमंडळ्यांमध्ये आमेन कसे येते हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. शब्दाचा अर्थ 'तसेच होवो', पण ते उचकीसारखे येते. उपदेशक नुसता श्वास घ्यायला थांबला तरी मागची रांग आमेन म्हणते. "आज ऊन पडलंय" असे कोणी वरून म्हणाले, तरी शंभर जण आमेन म्हणतील. मी पर्समधली आल्याची गोळी सोलत होते. कागद चिकटला होता. वरून आवाज चढत गेला, चढत गेला, आणि थांबला.

सबंध सभागृह म्हणाले, "आमेन!"

मीही म्हणाले. लोक सांगतात, सर्वांत मोठ्याने.

वरून आलेले वाक्य होते: "आणि आपल्या मेंगबाई टेकडीखालची आपली जागा या विद्यालयाला अर्पण करणार आहेत!"

टाळ्या पडल्या. गोळी माझ्या घशात गेली. सोक पाठीत थापट्या मारत म्हणाले, "अभिनंदन, मेंगबाई, एवढं मोठं मन असेल असं वाटलं नव्हतं." त्याच महिन्यात काळ्या ग्रॅनाइटचा दगड माझ्या फाटकाशी येऊन पडला. त्यावर कोरले होते: 'प्राध्यापिका मेंग सुन-ओक यांनी अर्पण केलेली भूमी'. माझ्या नावाचे अक्षर वाकडे आहे, हे आधी नोंदवते.

आता कोणी म्हणेल, चुकून तोंडातून निघाले, सांगून टाका नाही म्हणून. हे-जूही तेच म्हणाली. पण चौतीस वर्षे मी वर्गात शिकवले की लोकांसमोर तोंडातून निघालेला नवस फेडावाच लागतो, गमतीत बोलला असला तरी. आणि ज्यांना शिकवले ते आज गावोगावी पाळक आहेत. नवसातून सुटका करून घ्यायला माझेच विद्यार्थी माझे उदाहरण हे कारण म्हणून देतील. तसे कारण मी त्यांना देणार नाही.

चुसॉकला प्यो सणाच्या भेटीची हॅमची पेटी आणि बसतळाचा नकाशा घेऊन आले. माझे घर नकाशात नव्हते. झाड नव्हते. फाटकाच्या कोपऱ्यावरचा ग्वाक माल-सुनचा माशाच्या वड्यांचा ठेलाही नव्हता.

"बाई, तुमचं नाव राहील," ते म्हणाले. "मेंग सुन-ओक वाहनतळ."

"म्हणजे माझ्या नावावर बसगाड्या उभ्या करणार."

"चाळीस, बाई!"

"आणि हे-जू कुठे जाणार? बुधवारचा वर्ग कुठे बसणार?"

"तिचं बघू."

"अकरा वर्षं बघताय, ग्वांग-जिन. डोळे तपासून घ्या."

पेटी परत दिली. नकाशा ठेवून घेतला, पाठीमागे कोरा होता.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, दात घासताना मला सगळे सुचले. मी तोंडात फेस घेऊन अंगणात धावत आले आणि इतकी हसले की ग्वाकने ठेल्यावरून ओरडून विचारले, "ताई, पडलात की काय?" पडले नव्हते. नवस फेडायचा होता ना? मग ज्या वचनावर उपदेश झाला, त्याच वचनाप्रमाणे फेडायचा. विद्यालयाला जागा मिळेल. कोपरे सोडून.

कलम पाचवे: कोपरे. जुन्या यहूदी गुरूंना विचारले गेले होते की कोपरा केवढा सोडायचा. त्यांनी सांगितले, कोपऱ्याला माप नाही. कमीत कमी साठावा भाग सोडावा. जास्तीला मर्यादा नाही. फक्त मधे कुठेतरी मालकाने थोडे तरी कापले पाहिजे, नाहीतर कोपरा कशाचा? हे मी दरवर्षी दुसऱ्या सत्रात शिकवत आले. त्याप्रमाणे माझ्या जागेचे कोपरे मी असे सोडते, आणि ते मोठे सोडते:

उत्तरेचा कोपरा, घरासकट, हे-जूला. वर सांगितलेच आहे.

फाटकाचा कोपरा, जिथून बस वळणार होती, तो ग्वाक माल-सुन हिला. ही बाई माझ्या फाटकाशी वीस हिवाळे उभी राहून वड्यांचा रस्सा विकते आहे. बुधवारच्या वर्गाला ती येते, पुस्तक उघडत नाही, ऊन जमिनीवर पाय पसरून घोरते आणि जाताना सांगते, "आज फार छान झालं हो." हिला विचारले, "माल-सुन, कोणी ही जागा विकत मागितली तर?" म्हणाली, "ताई, मी विकते त्या वड्या. जागा विकली तर वड्या कुठे विकू?" तिच्याकडून याहून वेगळे उत्तर काढू पाहणाऱ्या कोणाही प्राचार्याला माझ्या शुभेच्छा.

पर्सिमनच्या झाडाचा कोपरा माझा भाचा टे-सिक याला. तो सोलमध्ये असतो आणि आळशी आहे. फोन उचलत नाही, टपाल उघडत नाही, सहीऐवजी लागणारा स्वतःचा शिक्का कुठे ठेवला हे त्याला माहीत नसते. घरच्यांनी त्याला याबद्दल कायम बोल लावला. मी लावत नाही. ज्याचा शिक्का सापडत नाही त्याच्याकडून जमीन विकत घेणे कोणाच्या बापाला जमणार नाही. झाडाची फळे हे-जूने उतरवावीत आणि शेंड्यावरची मॅगपाय पक्ष्यांसाठी ठेवावीत, जशी आपल्याकडे सगळेच ठेवतात. मोशेचे नियमशास्त्र माहीत नसलेल्या आमच्या आजीलाही तेवढे माहीत होते.

चौथा कोपरा, टेकडीच्या पायऱ्यांना लागून, मोक्पोच्या सिस्टरांना. शेगडीचे ऋण म्हणून. त्यांना तिथे बाक टाकायचा असला तर टाकावा, आणि पवित्र मातेचा पुतळा उभारायचा असला तर माझी हरकत नाही. प्रेस्बिटेरियन पाळक टेकडी चढताना तिला रोज नमस्कार करणार नाहीत, पण वळसा तर घालावा लागेल. ("हे वडिलांना आवडलं नसतं," असे सोक म्हणतात. वडिलांना शेगडी आवडली होती.)

उरला मधला तुकडा. तो ब्योलगोक धर्मविद्यालयाला, नवसाप्रमाणे, आनंदाने. केवढा? मी नगर कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंना विचारले, "जमिनीचा सगळ्यांत लहान तुकडा केवढा पाडता येतो?"

त्यांनी कागद चाळले. "इथे साठ चौरस मीटर, आजी. त्याहून लहान नाही."

"किती?"

"साठ."

मी काउंटरला धरून हसले. गुरूंचाही साठ, नगर कार्यालयाचाही साठ. त्या बाईंनी मला पाणी दिले आणि खुर्ची दिली. मी खुर्चीत बसूनही हसले.

तर साठ चौरस मीटर. त्यावर तो ग्रॅनाइटचा दगड उभा करावा. त्यावर लिहिलेले आता खरे होईल. तिथपर्यंत पायवाट राहील, एका माणसाच्या रुंदीची. बस जाणार नाही. जाड प्राध्यापक आडवे जातील.

कलम सहावे: अंत्यविधी. फुलांची चक्रे नकोत. त्यांच्या फितीवर पाठवणाऱ्याचे नाव मेलेल्यापेक्षा मोठे असते. तांदळाची पोती आणावीत, ती बुधवारच्या बायकांनी वाटून घ्यावीत. माझ्या अंत्यविधीचा उपदेश बांग हे-जू हिने करावा, वरच्या व्यासपीठावरून. हे झाले तरच मधला तुकडा विद्यालयाला. नाही झाले तर तोही सिस्टरांना.

इथवर लिहिले आणि फाटक वाजले. टपालवाल्या गिल मी-रान यांना मी दुसऱ्या साक्षीदार म्हणून तासाभरापूर्वी थांबवले आहे आणि त्या "बाई, माझी अर्धी गल्ली राहिलीय" असे म्हणत तिसरे पर्सिमन खात आहेत, म्हणून मला वाटले त्यांना शोधायला कोणी आले. आले होते प्यो. हातात हॅमची पेटी, तीच. पुढे जे झाले ते मृत्युपत्राचा भाग समजावे, म्हणून जसे झाले तसे लिहिते.

"बाई, सगळेच जमलेत?" ते म्हणाले. "काही कार्यक्रम?"

"मी मरते आहे," मी म्हणाले. "सावकाश. बसा, तुमचा भाग वाचून दाखवते."

मी चौथे आणि पाचवे कलम वाचले. हे-जू दारात उभी होती, हातात फडके. ग्वाक ठेला सोडून आली, पळी हातातच. प्यो आधी पांढरे झाले, मग पिकल्या पर्सिमनसारखे केशरी. सिस्टरांचा कोपरा आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मी वाचून संपवले.  

मग प्यो म्हणाले, अगदी हळू, "बाई. कोपऱ्याला माप नाही?"

"नाही."

"मालकानं ठरवायचं?"

"मालकानं ठरवायचं."

"मग माझं उत्तर बरोबर होतं!"

मला समजले नाही. त्यांनी हॅमची पेटी खाली ठेवली. "दुसरं सत्र, बाई! तुम्ही विचारलं होतंत, कोपरा केवढा सोडावा? मी लिहिलं, 'माप दिलेलं नाही, मालकाने ठरवावे.' तुम्ही मला नापास केलंत! पुन्हा सत्र बसायला लावलंत! माझ्या आईनं तीन दिवस उपास केला!"

"तुम्ही एकच ओळ लिहिली होती, ग्वांग-जिन. बाकी पान कोरं होतं."

"पण ओळ बरोबर होती!"

हा माणूस चाळीस बसगाड्या विसरला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. साठीला आलेला प्राचार्य, विद्यालयाचा बिल्ला छातीवर, आणि अडतीस वर्षे हे पोटात धरून बसलेला. सोक म्हणाले, "द्या हो, मेंगबाई, गुण द्या त्याला." ग्वाकने पळी उगारून विचारले, "ताई, खरंच नापास केलंत? एवढ्याशासाठी?"

एवढ्याशासाठी नाही. कारण न देता लिहिलेले बरोबर उत्तर मी तेव्हाही अपुरे मानत होते आणि आजही मानते. पण मृत्युपत्रात माणूस आपली मालमत्ता वाटतो, आणि गुण माझ्याच हातात होते.

कलम सातवे: गुण. प्यो ग्वांग-जिन यांना त्या पेपरात मी याद्वारे साठ गुण देते. साठाला आमच्याकडे पास.

"साठच?" ते म्हणाले. "पासष्ट नाही?"

"कोपऱ्याला माप नाही, ग्वांग-जिन. गुणांना आहे."

त्यांनी रुमाल काढून नाक शिंकरले. मग हसू लागले. आधी थोडे, मग इतके की बिल्ला हलू लागला. मग हे-जू हसली. गेल्या दोन हिवाळ्यांत मी तिला इतके हसताना पाहिले नव्हते. गिल मी-रान यांच्या तोंडातले पर्सिमन बाहेर आले. ग्वाक म्हणाली, "चला, रस्सा आणते, सगळ्यांनी खा," आणि आणला. आम्ही झाडाखाली उभ्याने वड्या खाल्ल्या, आणि सोक यांनी प्यो यांना विचारले की नव्या करारातही ते नापास झाले होते का.

वडी खाताना माझ्या लक्षात आले की सहाव्या कलमात एक खोट आहे. हे-जू वरून बोलेल तेव्हा मी शवपेटीत असेन. मला ऐकू येणार नाही. चौतीस वर्षे खालून बोलणाऱ्या बाईला हा सौदा परवडणारा नाही. मी रिकामी वाटी ठेवली, पाट आणला, अंगणाच्या मधोमध ठेवला, बरोबर त्या साठ चौरस मीटरांत, आणि वर उभी राहिले. हातात हे कागद. आवाज वर्गातला लावला. आणि प्यो लावतात तसा चढवत नेला.

"परमेश्वराने आज ऊन दिलं आहे!"

"आमेन!" म्हणाली ग्वाक.

"झाडाला फळ दिलं आहे!"

"आमेन!" सोक आणि गिल मी-रान.

"आणि येत्या कापणीच्या उपकारस्तुतीच्या रविवारी, ब्योलगोक धर्मविद्यालयाच्या सभागृहात, वरच्या व्यासपीठावरून, डॉक्टर बांग हे-जू उपदेश करणार आहेत!"

"आमेन!"

सगळे म्हणाले. प्यो ग्वांग-जिन सर्वांत मोठ्याने. त्यांच्या तोंडात वडी होती.

मग त्यांना कळले. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. हे-जूच्या हातातले फडके खाली पडले.

"बाई," ते म्हणाले, "परंपरा..."

"तोंडातून निघालं, ग्वांग-जिन. साक्षीदार आहेत. हवं तर दगड कोरून घेऊ?"

त्यांनी वडी गिळली.  मग हे-जूकडे वळले आणि म्हणाले, "डॉक्टर बांग, वचन कुठलं घेणार?"

तिने आधी माझ्याकडे पाहिले. मी पाटावरून उतरले आणि तो तिच्या हातात दिला.

"कोपऱ्यांचं," ती म्हणाली.

कलम आठवे आणि शेवटचे. सहाव्या कलमातली उपदेशाची अट खोडून ही घालावी: उपदेश मी जिवंतपणी, पहिल्या रांगेत बसून ऐकणार आहे. तो झाला की मधला तुकडा विद्यालयाला, बिनशर्त. त्या दिवशी मी आल्याची गोळी घेऊन जाणार नाही. पाट हे-जूला आजच दिला आहे. त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. बाकी गोष्टींसाठी पाहावी, आणि ती लांबेल.

हॅमची पेटी प्यो इथेच विसरून गेले. ती ग्वाकला.

वरील सर्व मजकूर माझ्याच हातचा आहे. डाग एकही नाही. सिस्टर मार्त असत्या तर त्यांना पट्टीचे काम पडले नसते. हे मी लिहिले, वाचले, पुन्हा वाचून हसले, आणि खाली माझा शिक्का उमटवला.

मेंग सुन-ओक
(लाल शिक्का, सरळ)

साक्षीदार:
१. सोक दे-ह्यॉन, सेवानिवृत्त प्राध्यापक, नवा करार. 'पातळ' या शब्दाला हरकत कायम ठेवून सही.
२. गिल मी-रान, टपाल खाते. उरलेली गल्ली आता वाटते.

हजर होते, पण साक्षीदार नव्हेत. फक्त आमेन म्हणाले म्हणून त्यांच्या विनंतीवरून सही घेतली:
प्यो ग्वांग-जिन, प्राचार्य. दुसऱ्या सत्रात उत्तीर्ण.

स्थळ: पर्सिमनच्या झाडाखाली, टेकडीचा पायथा, सुन्चॉन
दिनांक: २६ ऑक्टोबर २०२४, शनिवार, दुपारचे ऊन चांगले असताना